न्यूरोसायकॉलॉजीत (मेंदू आणि वागणं यांचा संबंध) रिसर्च करायचं म्हणतेय, आत असलेल्यांनी सांगा ना

पाटीपेन्सिल

नमस्कार. बरेच दिवस इथे वाचनमात्र होते, आज पहिला धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

क्लिनिकल सायकॉलॉजीत एमए झालं. शेवटच्या सहामाहीत प्रोजेक्टसाठी एका मेमरी क्लिनिकमध्ये बसायला मिळालं, नुसतं बघायला, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. एक आजोबा आले होते, आयुष्यभर नकाशे काढायचं काम केलेले (ओळख पटू नये म्हणून एकदोन गोष्टी बदलल्यात). मॅडमनी त्यांना घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ इतकं सुबक की कंपासनं काढल्यासारखं, बाराही आकडे आपापल्या जागी. मग त्या म्हणाल्या, आता यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. आजोबांनी एक काटा अकरावर नेला, दुसरा दहावर, आणि पेन्सिल खाली ठेवली. मग परत कागदाकडे बघत बसले, बराच वेळ, आणि म्हणाले, "कुठंतरी चुकलंय हे, पण कुठं ते दिसत नाहीये मला." मॅडम काही बोलल्या नाहीत, फॉर्मच्या समासात चारपाच ओळी लिहिल्या. गुण तर एखादाच कापायचा असणार, मग एवढं काय लिहिलं असेल हे मला अजून कळलेलं नाही, तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही.

आता एका प्रकल्पात रिसर्च असिस्टंटची जागा मिळतेय, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, वयस्कर लोकांच्या स्मृतीचा अभ्यास, माझं काम टेस्ट घेणं आणि स्कोअरिंग. घरचे म्हणतात त्यापेक्षा सरळ पीएचडीला लाग. मैत्रीण म्हणते दोन वर्षं नुसतं स्टॉपवॉच धरून बसशील. शिवाय माझं स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे, परीक्षेपुरतं केलंय. यात आयुष्य काढलेलं कोणी आहे का इथे? रोजचं काम खरं कसं असतं?

वाचनखूण

वाचतेय. चांगला विषय काढलात.

टिपणवही

पाटीपेन्सिल, अठरा वर्षं झाली मला यात, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घे. आधी ते घड्याळ.

समासात काय लिहिलं असेल याचा अंदाज मी करू शकते. वर्तुळ आणि आकडे नीट आले म्हणजे जागेचा अंदाज, हाताची रेघ, बारा आकडे आधी मनात मांडून मग कागदावर उतरवणं हे शाबूत आहे. घोटाळा काट्यांशी झाला. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर, हे मनातल्या मनात बदलून घ्यावं लागतं, आणि समोर कागदावर ढळढळीत "१०" दिसत असताना तिकडे ओढला जाणारा हात आवरावा लागतो. तो आवर सुटला की काटा दहावर जातो. म्हणून तर नेमकी हीच वेळ विचारतात, (हे सगळीकडे छापून आलेलं आहे म्हणून इथे लिहितेय). आणि तुझ्या मॅडमनी शेवटचं वाक्य नक्की जसंच्या तसं टिपलं असणार. चुकलंय हे त्यांना कळलं, दुरुस्त करता आलं नाही. दुसरा एखादा माणूस हेच चित्र काढून "झालं की" म्हणून कागद पुढे सरकवतो. दोघांचे गुण सारखेच, पण पहिल्याला आपली चूक जाणवतेय आणि दुसऱ्याला नाही, आणि घरच्यांना उद्या काय सांगायचं, त्यांनी गाडी चालवावी का, गोळ्या स्वतः घ्याव्यात का, यातलं बरंच त्या फरकावर ठरतं.

हेच काम आहे गं. किती गुण पडले ते फॉर्मवर येतंच, ते कसे पडले ते तुलाच लिहावं लागतं.

अजून एक सांगते. १५ शब्दांची यादी पाच वेळा वाचून दाखवायची, प्रत्येक वेळी आठवतील तेवढे सांगायचे, मग अर्ध्या तासाने परत विचारायचं. एक बाई पाचव्या फेरीला १२ वर पोचतात, अर्ध्या तासाने २ शब्द आठवतात आणि यादीतले शब्द समोर ठेवून "हा होता का" विचारलं तरी ओळखत नाहीत. दुसऱ्या बाई जेमतेम ७ शिकतात, अर्ध्या तासाने ३ आठवतात, पण ओळखायला सांगितलं की १४ बरोबर. पहिल्या बाईंच्या डोक्यात ते साठलंच नाही, तिथे हिप्पोकॅम्पसची, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाची, शंका येते. दुसरीकडे साठलंय पण काढता येत नाहीये, तिथे नैराश्य, झोप, औषधं, मेंदूच्या पुढच्या भागाचं काम, असा वेगळा विचार सुरू होतो. उशिराच्या आठवणीचे आकडे २ आणि ३, कागदावर जवळजवळ सारखे.

आणि तिसऱ्या बाई माझ्या वाट्याला आल्या होत्या, नोकरीच्या पहिल्या वर्षी. यादीत पहिल्यापासून गोंधळ, शब्द भलतेच सांगायच्या. मी स्कोअर केलं, रिपोर्टमध्ये शिकण्याची क्षमता मंदावली असं लिहिलं, सीनियरची सही झाली. पुढच्या भेटीत मुलगी सहज म्हणाली की आईचं श्रवणयंत्र त्या दिवशी पर्समध्येच राहिलं होतं. त्या "भलत्याच" शब्दांची यादी मी परत काढून बघितली, निम्मे तर मूळ शब्दांशी यमक जुळणारे होते. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं सगळं, आणि मला दिसलं नव्हतं. रिपोर्ट मागे घेतला, टेस्ट नव्याने दुसऱ्या यादीवर घेतली. तेव्हापासून खुर्चीत बसल्यावर माझा पहिला प्रश्न कान, डोळे, चष्मा, झोप, सकाळची औषधं. हे कुठल्याही कोर्समध्ये एका ओळीत असतं आणि त्या ओळीवरून डोळा निघून जातो.

रोजचं काम म्हणशील तर एका पेशंटला तीन ते सहा तास लागतात, मधे विश्रांती धरून. फाइल वाचणं, मुलाखत, टेस्ट, स्कोअरिंग, रिपोर्ट, मग घरच्यांसोबत बसून समजावणं. सूचना मॅन्युअलमध्ये आहेत त्याच शब्दांत द्यायच्या, "छान", "बरोबर" असं म्हणायचं नाही, तरी माणसाला अपमान वाटता कामा नये. हे जमायला मला दोन वर्षं लागली. आता तू ती नोकरी धरायची की नाही, तर माझं मत विचारशील तर धर. ३०० माणसं समोर बसवून टेस्ट घेतलेली मुलगी पीएचडीला येते तेव्हा तिला प्रश्न आधीच पडलेले असतात.

स्टॉपवॉचवरून तुझ्या मैत्रिणीला एक सांग. १९५३ साली एका २७ वर्षांच्या माणसाचं फिट्ससाठी ऑपरेशन झालं, दोन्ही बाजूंच्या टेम्पोरल लोबचा (कानाजवळचा मेंदूचा भाग) आतला भाग काढला, एचएम म्हणून सगळी पुस्तकं त्याला ओळखतात, हेन्री मोलेसन. नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर त्याला भेटायला जायच्या आणि तो दर वेळी नव्याने ओळख करून घ्यायचा. त्यांनी त्याला आरशात बघून चांदणीची दुहेरी रेघ गिरवायला दिली. तीन दिवसांत त्याच्या चुका कमी कमी होत गेल्या, आणि आपण हे आधी कधी केलंय हे मात्र त्याला आठवत नव्हतं. स्मृती एकच नसते, हाताची वेगळी आणि प्रसंगांची वेगळी, हे कागद, पेन्सिल, आरसा आणि चुका मोजणारं माणूस एवढ्यावर दिसलं. स्कॅनर नव्हते तेव्हा.

सरळविचार

टिपणवहीताई, तुमचं पटतं पण दुसरी बाजू पण यायला हवी म्हणून लिहितो, मी पोस्टडॉकनंतर बाहेर पडलेला आहे. वर्षं मोजा. मास्टर्स, मग असिस्टंट म्हणून दोन, पीएचडी चार ते सहा, मग देखरेखीखालचं क्लिनिकल काम. अमेरिकेत तर १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने डॉक्टरेटनंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी सांगितली. ब्रिटनमध्ये आधी क्लिनिकल सायकॉलॉजीची डॉक्टरेट आणि त्यावर न्यूरोसायकॉलॉजीची वेगळी पात्रता. म्हणजे पस्तिशीपर्यंत माणूस कुठेतरी तात्पुरत्या जागेवरच असतो, ग्रँट संपली की जागा संपली. मला आईवडिलांकडे बघायचं होतं, मी थांबू शकलो नाही. काम वाईट आहे असं अजिबात म्हणत नाही, मला आजही त्याची आठवण येते. पण पाटीपेन्सिल, नुसता रिसर्च करायचाय की पेशंटही बघायचेत हे आधी ठरव, कारण पीएचडी दोन्हीकडे चालते असं समजून लोक शिरतात आणि नंतर कळतं की परवान्यासाठी लागणारं ट्रेनिंग त्या पीएचडीत नव्हतंच. नियम देशागणिक वेगळे, प्रवेश घेण्याआधी तिथल्या परवाना देणाऱ्या संस्थेचे नियम स्वतः वाच, विभागातल्या माणसाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस.

टिपणवही

सरळविचार यांच्या शेवटच्या दोन वाक्यांना माझे दोन्ही हात वर. माझ्या दोन विद्यार्थिनी यात अडकल्या.

मध्यमान

मी या क्षेत्रातला नाही, संख्याशास्त्रवाला, पण दहा वर्षं न्यूरोसायकॉलॉजिस्ट लोकांच्या डेटावर काम करतोय. स्टॅटिस्टिक्स कच्चं आहे म्हणालात तर घाबरू नका, पण टाळूही नका, कारण इथे ते पेशंटच्या अंगावर येतं. दोन हिशोब करून दाखवतो, वही घेऊन बसा.

पहिला. निरोगी माणसाला २० टेस्ट दिल्या आणि खालच्या ५ टक्क्यांत आला की "कमी" म्हणायचं ठरवलं. टेस्ट एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर वीसच्या वीस टेस्टमधून सुखरूप सुटायची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे ०.३६. म्हणजे निदान एका टेस्टमध्ये "कमी" निघायची शक्यता ६४ टक्के, आणि माणूस ठणठणीत आहे! प्रत्यक्षात टेस्ट एकमेकींशी संबंधित असतात म्हणून आकडा याहून कमी येतो, तरी मोठाच राहतो. आणि मी रिपोर्ट बघितलेत जिथे २२ पैकी एक स्कोअर खाली आलाय आणि त्या एकावर अख्खा परिच्छेद.

दुसरा. सरासरी १००, प्रमाण विचलन १५, विश्वसनीयता ०.९०, म्हणजे चांगली टेस्ट म्हणायची. मापनातली प्रमाण त्रुटी येते १५ गुणिले ०.१ चं वर्गमूळ, साधारण ४.७. तर ९२ मिळालेल्या माणसाचा खरा स्कोअर अंदाजे ८३ ते १०१ च्या पट्ट्यात कुठेही. पुढच्या वर्षी तोच माणूस ८६ वर आला तर घसरला का? दोन मापनांची त्रुटी मिळून साधारण ६.७ होते, ६ गुणांचा फरक तर नुसत्या हेलकाव्यातच बसतो. त्यात दुसऱ्यांदा टेस्ट दिली की सरावाने स्कोअर थोडा वर जातो, म्हणून जिथे सगळ्यांचे ४ गुण वाढतात तिथे याचे वाढले नाहीत हीसुद्धा खूण असू शकते, पण ते कळायला निरोगी लोकांचा दोनदा घेतलेला डेटा हवा. तो गोळा करतं कोण? तुमच्यासारखे रिसर्च असिस्टंट. म्हणून ते काम मला हलकं वाटत नाही.

शिकायला सुरुवात करायची तर झेड-स्कोअर, पर्सेंटाइल, मापनाची त्रुटी, बेस रेट, रिग्रेशन या क्रमाने या. आर (आकडेवारीसाठीची संगणक भाषा) शिका.

पाटीपेन्सिल

बाप रे, ६४ टक्के दोनदा करून बघितलं, खरंच येतंय. हे आम्हाला असं कोणी शिकवलं नाही, सूत्र पाठ करून घेतलं. थँक्यू मध्यमान.

चांदणवेल

मी स्पीच थेरपिस्ट, न्यूरोसायकॉलॉजिस्टच्या शेजारच्या खोलीत बसते, त्यामुळे अर्धं आयुष्य या टेस्टांच्या भाषांतरावर वाद घालण्यात गेलंय. मला वाटतं मराठीतून विचार करणाऱ्या माणसाला या क्षेत्रात सगळ्यात जास्त काम इथे आहे, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहिते.

एका मिनिटात अमुक अक्षरावरून शब्द सांगा अशी टेस्ट असते, इंग्रजीत एफ, ए, एस. मराठीत "क" दिला. कमळ, कप, कडक चाललं. किल्ला चालेल? केस? कोपरा? क्रम? ज्याच्या डोक्यात बाराखडी पक्की बसलीये त्याला का-कि-की ही क पासून वेगळी अक्षरं वाटतात, तो बिचारा कमळ-कप करत अडकतो. दुसऱ्याला सगळं "क"च. सूचनेत हे ठरवलेलं नसेल तर एकाचे ६ येणार आणि एकाचे १६, आणि दोघांच्या मेंदूत काहीही फरक नाही.

१०० मधून सात-सात वजा करायला सांगतात. त्र्याण्णव, शहाऐंशी, आणि मग ७९. एकोणऐंशी. तोंडाने ऐंशी म्हणायचं आणि अर्थ सत्तरीतला. पेशंट "एकोणनव्वद" म्हणाला तर तो गणितात चुकला की शब्दात? पुढचं उत्तर बहात्तर आलं तर गणित बरोबर होतं, जीभ चुकली. इंग्रजीतून आणलेल्या स्कोअरिंगमध्ये ही शंकाच नाही, कारण तिथे एकोण नाही.

पाच अक्षरी शब्द उलटा सांगायचा तर इंग्रजीत सरळ मागून पुढे. आपल्याकडे वेलांटी कुठे न्यायची, जोडाक्षर फोडायचं का? आकडा-अक्षर-आकडा-अक्षर असं जोडत जायच्या टेस्टला वर्णमाला ओळीने पाठ लागते, आणि क ख ग घ नंतर चांगले शिकलेलेही थबकतात. तिथे रंगांवर चालणारी कलर ट्रेल्स बरी पडते.

आणि शाळेत न गेलेल्या माणसाचं तर काय सांगू, पेन्सिल हातात धरायची सवय नाही आणि समोर घनाकृतीचं चित्र, हे बघून काढा. तो काढू शकला नाही म्हणजे मेंदू बिघडला नाही. मोका नावाच्या छोट्या चाळणी टेस्टमध्ये १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात, ३० पैकी २६ किंवा जास्त ठीक. पण शून्य वर्षं शाळा आणि बारा वर्षं शाळा दोघांना तोच एक गुण! कुठल्याही भाषेत ही अडचण आहेच, आपण आपल्या भाषेपुरती तरी सोडवायला हवी. नुसतं भाषांतर करून भागत नाही, त्या भाषेतल्या, त्या वयाच्या, तेवढ्या शिकलेल्या निरोगी माणसांचे नॉर्म्स, म्हणजे तुलनेसाठीचे स्कोअर, लागतात. पाटीपेन्सिल, पीएचडीला विषय शोधत असशील तर हा घे ना.

गवती_वाट

चांदणवेल, एकोणऐंशीचं वाचून अंगावर काटा आला, माझ्याकडे अशा कितीतरी नोंदी "चूक" म्हणून गेल्या असतील.

मला एक वेगळी गोष्ट सांगायचीय, सांगू की नको असं चाललं होतं. मी तीन वर्षं एका ठिकाणी असिस्टंट होते, दोनशेवर लोकांच्या टेस्ट एकटीने घेतल्या, घरी जाऊन घेतल्या, स्कोअर केल्या, डेटा साफ केला. पेपर आला तेव्हा माझं नाव शेवटी आभारात. विचारलं तर म्हणाले, नियमाप्रमाणे नुसता डेटा गोळा करणारा लेखक होत नाही. आणि ते खरंही आहे! मेडिकल जर्नल्सच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या चार अटी आहेत, कामात भरीव सहभाग, मसुदा लिहिणं किंवा तपासून सुधारणं, शेवटच्या मजकुराला मान्यता, आणि जबाबदारी घेणं. पण मला मसुदा कधी दाखवलाच नाही तर मी तो तपासणार कधी? त्याच नियमात लिहिलंय की पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुद्यावर काम करायची संधी द्यायला हवी. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. खूप रडले. तू रुजू व्हायच्या आधी ईमेलवर विचार, मला लेखनात भाग घेता येईल का, कुठल्या पेपरवर. वाईट वाटून घेणारा सुपरवायझर असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

भटका_ढग

थोडं अवांतर, माफ करा. वडिलांची ही असली टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. घरी थोडी प्रॅक्टिस करून घेतली तर बरं होईल, कोणी प्रश्न किंवा फॉर्म पाठवू शकेल का?

टिपणवही

भटका_ढग, तुमची कळकळ समजते पण नाही पाठवणार, आणि दुसऱ्या कोणी पाठवले तरी वडिलांना दाखवू नका. पाठ करून आलेल्याचा स्कोअर चांगला येतो आणि उपचार लागतो तो राहून जातो, नुकसान वडिलांचंच. म्हणूनच आम्ही टेस्टचा मजकूर बाहेर जाऊ देत नाही. त्याऐवजी असं करा, आदल्या रात्री झोप नीट होऊ द्या, चष्मा आणि श्रवणयंत्र असेल तर सोबत घ्या, बॅटरी तपासा, चालू औषधांची यादी, जुने स्कॅन, किती शिकले आणि काय काम केलं याची माहिती न्या. आणि गेल्या वर्षभरात काय बदललं याची तीनचार खरी उदाहरणं लिहून न्या. "विसरतात" असं मोघम नको, "दोनदा गॅस चालू राहिला, नातवाचं नाव कधी चुकलं नाही" असं. याचा फार उपयोग होतो.

भटका_ढग

हे कोणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

अबोली

मी या क्षेत्रातली नाही, खुर्चीच्या दुसऱ्या बाजूची. बाबांना स्ट्रोक झाला होता. पहिल्या ठिकाणी चार तास टेस्ट झाली, अकरा पानांचा रिपोर्ट हातात दिला, त्यात सगळे पर्सेंटाइल. आम्हाला काही समजलं नाही, बाबांनी तो कपाटात ठेवून दिला आणि म्हणाले मी नापास झालो. वर्षाने दुसरीकडे गेलो, तिथल्या बाईंनी तासभर बसून समजावलं की यांचं डाव्या बाजूकडे लक्ष जात नाही, डोळे ठीक आहेत, मेंदू ती बाजू मोजतच नाही. त्यांनी आमच्यासमोर कागदावर एक आडवी रेघ काढली आणि बाबांना म्हणाल्या मध्यावर खूण करा. बाबांनी अगदी विश्वासाने उजव्या टोकाजवळ खूण केली. मी बघत राहिले. ताटातला डावीकडचा भाग तसाच राहायचा, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा, आम्ही वर्षभर त्यांना "लक्ष द्या जरा" म्हणून बोलत होतो. त्या दिवशी घरी आल्यावर आईने त्यांची खुर्ची फिरवून ठेवली. ताई, तुम्ही पुढे रिपोर्ट लिहाल तेव्हा समोरच्याला तो तासभर द्याल ना, एवढंच.

पाटीपेन्सिल

अबोलीताई, देईन. लिहून ठेवलंय.

लोलक

उशिरा आलो धाग्यावर. संगणक हे काम खाईल का असं कोणी विचारलं नाही याचं आश्चर्य वाटलं, मला दर आठवड्याला विचारतात. मी औषधांच्या ट्रायलमध्ये रेटरना (पेशंटला स्कोअर देणाऱ्यांना) ट्रेनिंग देतो, सायकॉलॉजी शिकलेल्यांसाठी ही एक वाट आहे जी कॉलेजात कळत नाही.

लेकॅनेमॅबचं घ्या, अल्झायमरचं औषध, २०२२ साली मोठ्या ट्रायलचा निकाल आला. १,७९५ लोक, १८ महिने, आणि औषध घेतलेले व न घेतलेले यांच्यातला फरक निघाला ०.४५, स्मृतिभ्रंश किती गंभीर ते मोजणाऱ्या १८ गुणांच्या सीडीआर मापनावर. ०.४५ म्हणजे किती, तर त्या मापनात एका माणसाचा स्कोअर निदान अर्ध्या गुणाने हलतो, त्यापेक्षाही कमी. हा फरक आयुष्यात जाणवतो का यावर आजही डॉक्टरांत मतभेद आहेत. आणि तो स्कोअर येतो कुठून, तर पेशंटची आणि घरच्यांची मुलाखत घेऊन एक माणूस ठरवतो की स्मृती अर्धा की एक, घरकाम अर्धा की एक. रेटर दमला, घाईत असला, सहाव्या महिन्यात नकळत सैल झाला, की पूर्ण ट्रायलचा फरक त्यात बुडू शकतो. म्हणून मुलाखती रेकॉर्ड करतात, दुसरा माणूस त्या ऐकून परत स्कोअर करतो, ठरावीक काळाने सगळ्यांची पुन्हा परीक्षा.

टॅबलेटवरच्या टेस्ट येतायत, चांगल्याही आहेत, प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदात मिळतो, मोठ्या अभ्यासात घरबसल्या डेटा येतो. पण वेगवेगळ्या उपकरणांचा स्क्रीन वेगवेगळ्या वेगाने स्पर्श नोंदवतो, वयस्कर बोटं कोरडी असतात, स्पर्श लागतच नाही, आणि शेजारून नातू उत्तर सांगत असतो. "कुठंतरी चुकलंय" असं म्हटलेलं टॅबलेट ऐकत नाही. मशीन स्कोअर देईल, तो धरायचा की नाही हे सांगणारी माणसं लागणारच आणि ती हजारभर तास पेशंटसमोर बसलेली लागणार. नोकरी घ्या तुम्ही.

सरळविचार

लोलक, मी तेव्हा बाहेर पडताना ही ट्रायलची वाट मला कोणी दाखवली असती तर कदाचित थांबलो असतो. पाटीपेन्सिल, माझी हरकत मागे घेत नाही पण दोन वर्षं करून बघायला काहीच हरकत नाही, त्यात वाया काही जात नाही.

पाटीपेन्सिल

पाच महिन्यांनी वर काढतेय धागा. नोकरी घेतली. लेखनाबद्दल ईमेल केलं होतं रुजू व्हायच्या आधी (गवती_वाट, तुमच्यामुळे), सुपरवायझरनी लगेच उत्तर दिलं, नॉर्म्सवरच्या पेपरमध्ये मसुद्यापासून घेणार म्हणाल्या.

आत्तापर्यंत ६१ लोक झाले. पहिल्या महिन्यात रे आकृतीच्या (बघून काढायचं एक गुंतागुंतीचं चित्र) दुहेरी स्कोअरिंगला बसलो, १८ भाग, ३६ गुण, त्याच चित्राला मी २९ दिले आणि सीनियरने २४. मला वाटलं त्या कठोर आहेत. एकेक भाग घेऊन बसलो तर मी "जागा साधारण बरोबर" याला पूर्ण गुण देत होते आणि नियमात अर्धेच गुण लिहिलेले होते. परत पहिल्यापासून २० चित्रं स्कोअर केली. आता दोघींमध्ये एकदोन गुणांचा फरक राहतो.

एक अडलंय, इथेच विचारते. काल एका काकूंनी शब्दांच्या यादीत "माठ" सांगितला, यादीत नव्हता. मग त्याच फेरीत अजून तीनदा "माठ". पुढच्या फेरीतही एकदा. मी घुसलेला शब्द म्हणून एकदाच धरू की पाच? आणि यादीत जवळपास काही आहे का म्हणून बघितलं, तसा वस्तूचा शब्द आहे एक (लिहीत नाही इथे).

टिपणवही

छान प्रश्न. आधी मॅन्युअल उघड, तुमच्या प्रकल्पात कुठली आवृत्ती आहे त्यावर मोजण्याचा नियम ठरतो, आपल्या मनाने ठरवू नकोस आणि सुपरवायझरला विचारून एकदा ठरलं की सगळ्या ६१ जणांना तोच नियम लाव, मागचेही परत बघावे लागतील. माझ्या सवयीने मी बाहेरचा शब्द आणि पुनरुक्ती हे दोन वेगळे रकाने ठेवते, म्हणजे पुढे हवं तसं मोजता येतं, एकत्र बेरीज करून ठेवली की परत सुटी होत नाही.

आणि एक विचारते, काकूंनी "माठ" म्हणताना प्रत्येक वेळी तुझ्याकडे बघितलं का? "हा झाला का सांगून?" असं काही म्हणाल्या?

पाटीपेन्सिल

तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मगाशी सांगितला बहुतेक." आणि चौथ्यांदा काहीच नाही, सरळ सांगून टाकला.

समासात लिहिलंय.